माझी मिटलेली पानं

मित्रांनो, मी एक जुनी विज्ञान कादंबरी आहे. रत्नागिरीतल्या एका वाचनालयात, भिंतीलगतच्या कपाटात माझा जन्म सरला. ओल अंगात मुरली, कसरीनं कडा कुरतडल्या.

माझ्या पोटात एका माणसाची गोष्ट आहे. तो ताऱ्यांपल्याड जातो आणि परततो तेव्हा इथे कितीतरी पिढ्या उलटलेल्या असतात. बोटीवरून आलेल्या खलाशासारखा तो आपल्या दारी उभा राहतो, कडी वाजवतो... पुढचं मला ठाऊक नाही. छापखान्यात पानांच्या घड्या कापणाऱ्याचं पातं माझ्या शेवटच्या पानांपर्यंत पोचलंच नव्हतं. ती वरच्या घडीला जुळलेलीच राहिली, न उमललेल्या कळीसारखी.

मला घरी नेणारे पुष्कळ होते. त्यांच्यासोबत मी भाट्याच्या वाळूत लोळले, जयगडच्या बोटीवर खारा वारा प्यायले. पण सगळे अर्ध्यावर खूण घालून परत करायचे. पुढे लोक मला 'अभिजात' म्हणू लागले, आणि मग कुणी नेईनासंच झालं.

परवा वाचक कट्ट्याला जुनी विज्ञान कादंबरी निवडायची होती. ग्रंथपाल काशीरामनं मला रद्दीच्या गठ्ठ्यातून काढून टेबलावर ठेवलं. निवड झाली तर कपाट, नाही तर पुन्हा गठ्ठा.

प्राध्यापक हर्षद माझ्यावर भरभरून बोलला. शेवट तर काळजाला हात घालतो म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांनीच मला वाचलं होतं म्हणे. माझी जीर्ण पानं सुखावली.

कोपऱ्यात त्याला शाळेत शिकवलेल्या यमुनाबाई होत्या. दृष्टी गेल्यापासून त्या कट्ट्यावर नुसतं ऐकायला येत.

"मग तो शेवटच वाच बघू," त्या म्हणाल्या. "त्याला कोण दार उघडतं ते ऐकू दे."

हर्षदनं मला उघडलं. त्याचं बोट जुळलेल्या घडीवर अडलं. बाईंनी हात पुढे करून ती घडी चाचपली.

"मेल्या, दार न उघडताच घरात जाऊन आलास होय?"

कुणी हसलं नाही. हसणार कोण? मग घाईघाईनं दुसरंच पुस्तक निवडलं गेलं. मला परत कुणी हात लावला नाही.

उठताना बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "डोळे असते तर नेलं असतं गो तुला."

आता गठ्ठ्याची सुतळी आवळली आहे. मित्रांनो, आम्हाला न वाचता थोर म्हणू नका. वाचा, आणि खुशाल नावं ठेवा. माझ्या आत एक माणूस अजून कडी वाजवतो आहे.