तिसरा माइक

घरात त्याला भोंगा म्हणत, कारण पाळण्यात असताना तो रडायला लागला की शेजारपाजारची माणसं झोपेतून उठून बसत. मोठेपणी त्यानं हातात इलेक्ट्रिक गिटार घेतली तेव्हा घरातल्या कुणालाच नवल वाटलं नाही. त्याची थोरली बहीण ध्वनिमुद्रणाचं काम करायची. भोंगा तिला ताई म्हणायचा, त्याचं ऐकून त्याचे मित्र ताई म्हणायला लागले, आणि बघता बघता गल्लीतले लहानथोर सगळेच तिला त्याच नावानं हाक मारू लागले.

ताईचा स्टुडिओ एका जुन्या इमारतीच्या तळघरात होता. डोक्यावर एक दुकान, दुकानाच्या वर शिवणकामाचा कारखाना. दुकान सध्या बंद होतं, आत मोडतोड चालली होती. तळघर तिनं स्वतः सजवलं होतं: भिंतींना आणि मधल्या जाड खांबाला काळा स्पंज चिकटवलेला, त्यावर जुने गालिचे, दाराला रबर. आत बोललेलं बाहेर जायचं नाही आणि बाहेरचं आत यायचं नाही. या शांततेचा तिला फार अभिमान होता.

त्या दिवशी भोंग्याच्या नव्या गाण्यांचं काम सुरू व्हायचं होतं. त्याचं स्पीकरचं भलंमोठं खोकं खोलीच्या मधोमध ठेवलं होतं आणि त्याच्यासमोर कोणता माइक लावायचा, यावर सकाळपासून दोघांची जुंपली होती.

माइक तीन होते. तिन्ही डायनॅमिक, म्हणजे आत चुंबकात हलणारं तारेचं वेटोळं असलेले, दांडगट, कितीही मोठ्या आवाजाला न भिणारे. पहिला छोटा, कुठल्याही स्टेजवर दिसतो तसला. कितीदा पडला, आपटला, तरी बोलायचा थांबला नव्हता. दुसरा चपटा. तो खोक्यावरून स्वतःच्या वायरनंच खाली लोंबकळत सोडायचा, स्टँड लागत नसे. तिसरा जाडा, एरवी मोठ्या ड्रमच्या पोटाशी ठेवायचा. बाकीच्यांना ऐकू येत नाही ते तळाचं सगळं तो ऐकायचा.

"छोटाच लाव," भोंगा म्हणाला. "सगळं जग छोटाच लावतं. आवाज कसा पुढे येतो, अंगावर आल्यासारखा."

"जग काय करतं ते मला नको सांगूस. तुझ्या गिटारीला खालून आधार नाहीये, नुसती कर्कश वाजते. जाडा ऐकून तरी बघ."

"तू आणि तुझा जाडा! लग्न लावून टाक त्याच्याशी."

ताईनं हसून जाडा स्टँडवर चढवला, स्पीकरच्या कापडापासून चार बोटं लांब, मध्यापासून जरा कडेला, जिथं आवाज गोल होतो. काचेपलीकडच्या खोलीत जाऊन कानाला हेडफोन लावला आणि हातानं खूण केली. भोंग्यानं जोरात एक सूर छेडला आणि तारांवर तळवा ठेवून तो तोडला.

सूर संपला. त्याच्यामागे, अगदी खोल, काहीतरी उरलं. एक घरघर, आणि तिच्यात मधूनच एक ठोका. कुणीतरी लांबवर जड दार ओढत असावं तसं.

"काय झालं?" काचेतून तिचा चेहरा बघून भोंगा म्हणाला.

"काही नाही. स्पीकरचा स्क्रू ढिला असेल."

तिनं सगळे स्क्रू आवळले. आवाज होताच. वायर बदलली, दुसऱ्या भोकात खोचली. होताच. मग तिनं गिटारीचा आवाज मोठा करणारं भोंग्याचं यंत्र बंदच केलं. आता खोक्यातून काही येणं शक्य नव्हतं. फक्त माइक सुरू होता, आणि माइकला ते ऐकू येत होतं. घरघर. ठोका.

"माइक बिघडलाय," भोंगा म्हणाला. "सोड ना त्याला."

तिनं छोटा लावला. त्यात घरघर जेमतेम आली, आहे म्हणून शोधली तरच सापडेल इतकी. चपट्यात अजिबात नाही. भोंग्यानं टाळी वाजवली. "झालं! चपटा लाव नाहीतर छोटा लाव, आणि सुरू करू. बाकीचे दुपारी यायचेत."

खरं तर तिलाही तेच हवं होतं. काम अंगावर होतं, आणि ज्या माइकमध्ये कटकट येत नाही तो निवडायचा हे धंद्यातलं साधं शहाणपण. तिनं चपटा लावून एक अख्खं गाणं घेतलंसुद्धा. छान झालं. भोंगा खुश. पण ऐकताना तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दोन माइक स्टँडवर होते, त्यांना ऐकू आलं. जो नुसता लोंबकळत होता, त्याला आलं नाही.

"भोंग्या," ती म्हणाली, "हे हवेतून येत नाहीये. स्टँडच्या पायातून येतंय."

"म्हणजे?"

"म्हणजे जमिनीतून."

तिनं जाडा पुन्हा चढवला आणि स्टँडखाली स्पंजाची उशी सरकवली. आवाज गेला. उशी काढली, आवाज आला. भोंग्याच्या चेहऱ्यावरचं हसू जरा मावळलं, पण तो म्हणाला, "वरची शिवणयंत्रं असतील. दिवसभर खडखडत असतात."

ते पटण्यासारखं होतं. ताई जिना चढून कारखान्यात गेली. कारखाना चालवणारे मास्तर कापडाच्या गठ्ठ्यावर रेलून कात्री चालवत होते. पांढऱ्या मिशा, गळ्यात मोजपट्टी, सदा घाईत.

"मास्तर, जरा सगळी यंत्रं थांबवता का? थोडाच वेळ."

"ताई, तुमच्या गिटारीनं आमच्या सुया नाचतात, तेव्हा आम्ही कधी म्हणालो का, थांबवा म्हणून?"

"एकदाच. हवं तर पाया पडते."

मास्तरांनी हात वर केला. यंत्रं एकेक करून गप्प झाली. ताई धावत खाली आली आणि तिनं हेडफोन कानाला लावला. यंत्रांची खडखड निघून गेल्यामुळे ठोका आता मोकळा ऐकू येत होता. आणि सकाळपेक्षा लवकर लवकर पडत होता.

तिनं माइक स्टँडवरून काढला आणि हातात धरून जमिनीला टेकवत टेकवत खोलीभर फिरली. दाराशी कमी. काचेजवळ कमी. मधल्या खांबाशी आली तशी तिनं हेडफोन कानावरून झटक्यात काढला. भोंगाही पुढे आला. दोघांनी मिळून खांबावरचा गालिचा ओढला, मग स्पंज. गोंद लावून तिनंच एवढ्या मेहनतीनं बसवलेला स्पंज मोठमोठ्या तुकड्यांनी निघाला. त्याच्यामागे एक भेग होती, खांद्याच्या उंचीपासून आडवी तिरपी खाली गेलेली. ताईनं नख घातलं, ते आत गेलं. खांबाच्या पायथ्याशी सिमेंटची बारीक भुकटी पडली होती. ताजी, पिठासारखी. ते बघत असतानाच आणखी थोडी पडली.

"वर दुकानात काय तोडलं त्यांनी?" भोंग्यानं विचारलं. आता त्याचा आवाज बारीक झाला होता.

"मधली भिंत. मोठं शोरूम करायचं म्हणे."

तिनं इमारतीच्या मालकांना फोन लावला. ते जेवत असावेत.

"अहो मॅडम, जुनी इमारत आहे, कुरकुरायचीच. आमच्या मातोश्री रोज कुरकुरतात, म्हणून काय त्यांना घराबाहेर काढलं का?"

"खांबाला भेग आहे. तुम्ही आत्ता इंजिनिअर घेऊन या."

"उद्या बघू. आणि कुणाला घाबरवत फिरू नका, सांगून ठेवतो."

ताईनं फोन ठेवला आणि भोंग्याला गिटार घेऊन बाहेर व्हायला सांगितलं. खोकं जड होतं, ते राहू दे म्हणाली. मग ती पुन्हा वर गेली.

मास्तरांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "माल संध्याकाळी जायचाय. भेग काय, माझ्या घरालाही आहे."

पण कोपऱ्यात काजं करत बसलेली एक वयस्कर बाई सुई ठेवून उठली. "मास्तर, परवापासून ही खिडकी लागत नाहीये. मी म्हटलं, लाकूड फुगलं असेल. पण पावसाचा थेंब नाही, लाकूड फुगेल कशानं?"

मग त्या बाईनं आपली पिशवी उचलली आणि जिन्याकडे निघाली. तिच्यामागे दुसरी, मग सगळ्याच. मास्तर "अगं ए, थांबा" म्हणत होते, पण त्यांच्याकडे वळून बघायला कुणी तयार नव्हतं.

सगळे समोरच्या फुटपाथवर जमले. आणि काहीच झालं नाही. इमारत ऊन खात उभी होती, रोजच्यासारखी. बायका आपसात कुजबुजायला लागल्या, एकदोघींना हसू फुटलं. जाणारे येणारे विचारायचे, काय झालं, आणि ताई नुसतं इमारतीकडे बोट दाखवायची. आपण मूर्खासारखं सगळ्यांचं काम बुडवलं, असं तिला वाटायला लागलं. तेवढ्यात मालक स्कूटरवरून आले आणि आल्या आल्या तिच्यावर बरसले. "कान वाजतात तुमचे! दिवसभर ते कानाला लावून बसलं की वाजणारच!"

मास्तर एकदम कपाळावर हात मारून म्हणाले, "इस्त्र्या! सगळ्या इस्त्र्या चालू राहिल्या वर. कापडानं पेट घेतला तर?" आणि कुणी अडवायच्या आत रस्ता ओलांडून ते दारात शिरले.

"मास्तर!" भोंगा ओरडला. त्यानं गिटार बहिणीच्या हातात कोंबली आणि त्यांच्यामागे पळाला. ताईनं त्याला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारली, शाळेच्या दाखल्यावरच्या, जे घरात वर्षानुवर्षं कुणी घेतलं नव्हतं. त्यानं मागे बघितलंही नाही.

आधी आवाज आलाच नाही. दुकानाचं लोखंडी शटर मधोमध फुगलं, कुणी आतून पोट पुढे काढावं तसं, आणि वरच्या खिडकीची काच आपोआप तडकली. मग इमारतीचा मधला भाग खाली बसला. एखादा थकलेला माणूस गुडघ्यांतून बसतो तसा, सावकाश. त्यानंतर तो आवाज आला. ताईनं आयुष्यभर आवाज ऐकले होते, पण हा तिला कानांनी ऐकू आला नाही, पायांतून वर चढला. पुढचं सगळं धुळीत गेलं.

धूळ खाली बसायला खूप वेळ लागला. तोवर ती एकाच जागी, गिटार पोटाशी धरून उभी होती. काजं करणारी बाई तिचा दंड घट्ट पकडून होती. मग कुणीतरी म्हणालं, "जिना उभा आहे."

जिना कडेच्या भिंतीला धरून खरंच उभा होता, आणि त्याच्या मधल्या वळणावर पांढरीफटक दोन माणसं एकमेकांना मिठी मारून बसली होती. भोंग्यानं मास्तरांना अर्ध्या जिन्यातूनच मागे खेचलं होतं. अग्निशामक दलानं शिडी लावून दोघांना उतरवलं. मास्तरांचा हात मोडला होता. भोंग्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं, पण डाव्या कानात शिट्टी वाजत राहिली, ती पुढेही पूर्ण कधी थांबली नाही. तळघराचं नामोनिशाण उरलं नाही. खोकं, माइक, यंत्रं, सगळं त्या ढिगाखाली.

कुणी मेलं नाही, म्हणून गल्लीनं सुटकेचा निःश्वास टाकला. पण मालकांनी चौकशीत निराळाच सूर लावला: "वर्षानुवर्षं खाली बसून या बाईनं गिटारी बडवल्या. हादरे बसून बसून खांब खिळखिळा झाला." ताईनं ते ऐकलं आणि क्षणभर तिलाच ते खरं वाटलं. खांबाला स्पंज तिनंच लावला होता. भेग तिनंच झाकली होती, नकळत का होईना. कित्येक दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. नगरपालिकेच्या इंजिनिअरनं शेवटी लिहून दिलं की खांब गिटारीनं नव्हे, भिंत पाडल्यानं गेला. भिंत पेलत होती तो भार खांबावर आला आणि तो त्याला पेलला नाही. पण त्याचं म्हणणं कागदावर राहिलं आणि मालकांचं गल्लीत फिरलं. दूधवाला अजूनही तिच्याकडे जरा विचित्र नजरेनं बघायचा.

काही महिन्यांनी मास्तरांचा फोन आला. हात बरा झाला होता, कारखाना पुन्हा सुरू झाला होता.

"कुठं?" ताईनं विचारलं.

मास्तर जरा घुटमळले. "मालकांचीच दुसरी इमारत आहे. त्यांनीच दिली, भरपाई म्हणून. रंग नवा आहे, सगळं कसं स्वच्छ."

"मास्तर..."

"तेच सांगायला फोन केला, ताई. तुम्ही एकदा येऊन ऐकून जाल का? ते काय असतं तुमचं, त्यानं."

"मी गवंडी नाही हो मास्तर. मला ऐकू आलं नाही, म्हणजे काही नाही, असं थोडंच आहे? खरा इंजिनिअर बोलवा."

"मालक आत येऊ देत नाहीत कुणाला."

पलीकडे यंत्रं चालू होती, बायका कशावर तरी हसत होत्या. ताईनं फोन कानाला आणखी घट्ट लावला.

"मास्तर," ती म्हणाली, "खिडक्या लागतात का तुमच्या?"

मास्तरांनी फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, चपलांचा आवाज लांब गेला, आणि ताई वाट बघत राहिली.