लाइन मी तोडत नव्हतो

“वहिनी, मागच्या खोलीतला फोन ह्याच तारेवर आहे. तुमचं इंटरनेट चालू असताना तिकडे कोणी रिसीव्हर उचलला, की इकडे तुटलंच समजा,” टेलिफोनचे लाइनमन वनाभाऊ चपला घालता घालता म्हणाले.

“मागे फक्त आत्या असतात. त्या कुठे फोनला हात लावतात,” असं म्हणून हेमलताने दार लावून घेतलं.

मी एक जुना मोडेम आहे, मित्रांनो. त्या दिवशी मात्र कोरा होतो. कॉम्प्युटरचं म्हणणं आवाजात बदलून टेलिफोनच्या तारेत सोडायचं आणि तारेतून आलेला आवाज कॉम्प्युटरला समजावून सांगायचा, हे माझं काम. नंबर लागताना मी किंचाळायचो. हेमलताचा नवरा अभिमन जळगावच्या एका डाळ मिलमध्ये सुपरवायझर होता. तो म्हणाला, “हे तर मशीनचा पट्टा घसरल्यासारखं ओरडतंय.”

“ओरडू दे. ओरडल्याशिवाय तुमच्या घरात कोणाचं काम होतं?” हेमलता म्हणाली.

कॉलेजात असताना ती बुद्धिबळाची चॅम्पियन होती. चिमी झाली आणि गावोगावच्या स्पर्धा बंद पडल्या. नव्याण्णव साली मी आलो, तेव्हा तिला घरबसल्या जगभरचे खेळाडू मिळाले. तिने मला विणलेल्या रुमालावर बसवलं. अभिमन पाहुण्यांना मुद्दाम बोलावून माझे दिवे दाखवायचा. ते माझे सुखाचे दिवस होते.

अभिमनच्या आत्या मंजुळाबाई दम्याच्या औषधपाण्यासाठी सोनगीरहून आल्या होत्या. त्यांना एकाएकी धाप लागायची. म्हणून अभिमनने त्यांच्या उशाशी दुसरा फोन बसवला होता. एक बटण दाबलं की थेट मिलमध्ये लागायचा. हेमलता स्वतः मुलखाची काळजीखोर. चिमी झोपली तरी नाकाखाली बोट धरून श्वास बघायची. आत्यांना वेळेवर गोळ्या द्यायची, वाफ द्यायची. मग चिमी झोपली की माझ्यापुढे बसायची.

आणि नेमकी त्याच वेळी लाइन तुटायला लागली.

मित्रांनो, मला कारण ठाऊक होतं. तारेवर कोणीतरी हळूच रिसीव्हर उचलायचं. मला श्वास ऐकू यायचा, शिट्टी वाजल्यासारखा, अर्ध्यात अडकणारा. आत्यांना माझी किरकिर ऐकू जायची. मग रिसीव्हर तितक्याच हळू खाली ठेवला जायचा. दुसरं कोणी बोलत असताना फोन कानाला लावून ठेवू नये, एवढी रीत आत्यांना माहीत होती. माझी किरकिर म्हणजे सुनेचं चाललेलं बोलणं, असं त्या समजत. हाक मारली तर पोरगी उठेल, म्हणून हाकही नाही.

हे मी कसं सांगणार? मला किरकिरण्यापलीकडे तोंड नव्हतं.

हेमलताने तार बदलली. मला फ्रिजपासून लांब नेलं. रिसीव्हर कानाला लावून, डायल टोन थांबावा म्हणून एकच आकडा फिरवून, शांत लाइनवर खरखर येते का ते ऐकलं. खरखर नव्हती. तिने कॉम्प्युटरवर काळी खिडकी उघडली. त्यात समोरच्या कॉम्प्युटरला हाक मारायची आणि ‘ओ’ यायला किती वेळ लागतो ते बघायचं. उत्तरं एकसारखी येत होती. तरी डाव अर्ध्यावर तुटायचाच. तिकडे घड्याळ चालू राहायचं, पुन्हा नंबर लागेपर्यंत वेळ संपायचा आणि जिंकलेला डाव हरल्याचं पडद्यावर यायचं.

“भंगार आहे हे,” ती मला म्हणाली आणि वर एक टपली मारली. विणलेला रुमाल निघाला, धूळ बसली. वनाभाऊंना दोनदा बोलावून झालं. ते आपले तेच सांगायचे, ती आपली तीच मान हलवायची. अभिमन म्हणाला, “परत करून टाकू.” माझ्या दिव्यांकडे आता कोणी बघत नव्हतं. मी चिडून तरी काय करणार होतो?

मग इंटरनेटवरच्या एका स्पर्धेतला तिचा पात्रतेचा शेवटचा डाव आला. दुपारची वेळ होती. जिंकली तर ती महिलांच्या अंतिम फेरीत जाणार होती. समोरची बाई कुठल्या तरी बर्फाच्या देशातली. हेमलताचा वजीर नेमका आत घुसला होता. चिमी झोपलेली. काळी खिडकी एका कोपऱ्यात उघडीच होती.

तेवढ्यात तारेवर तो श्वास आला. आज तो फार तुटक होता. लाइन गेली.

हेमलताने कपाळावर हात मारला. पुन्हा नंबर लावायला हात पुढे केला आणि तिची नजर काळ्या खिडकीवर थांबली. शेवटच्या ओळीपर्यंत उत्तरं वेळेवर आलेली. “खराब लाइन आधी रडते, अडखळते, मग मरते,” ती स्वतःशीच पुटपुटली. “ही तर कोणी कापल्यासारखी जाते. वनाभाऊ म्हणाले तसा मागे कोणी रिसीव्हर उचलत असेल तर?”

घड्याळ चालू होतं. डाव वाचवायला अजून वेळ होता. तिने नंबर लावला नाही. ती उठली आणि मागच्या खोलीकडे धावली.

आत्या खाटेची कड धरून वाकून बसल्या होत्या. ओठ निळसर पडलेले. रिसीव्हर मांडीवर.

“आत्या, हाक का नाही मारली?”

“माले वाटनं... तुनं काम चालू शे,” आत्या धापा टाकत म्हणाल्या. “मंग मी फोन खाले ठी दिधा.”

“रोज असंच केलंत?”

आत्यांनी मान डोलावली.

हेमलताने शेजारच्या कमलबाईंच्या हातात चिमी दिली, रिक्षा बोलावली आणि आत्यांना मांडीवर टेकवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला. तिकडे वेळ संपून डाव हरल्याची पाटी लागली असणार, पण नंबर लावून ती वाचायला घरात कोणी नव्हतं.

आत्या बऱ्या होऊन आल्या. आल्या आल्या म्हणाल्या, “तू खेळ व माय. आते मी हाक मारसू.” हेमलता हसली नाही. तिने माझी तार काढली आणि आत्यांसाठी वेगळी लाइन आली तेव्हाच पुन्हा जोडली. त्यानंतर ती खेळली, बरेच डाव जिंकली. पण दर डावाआधी एकदा मागे जाऊन येई, आणि मी तिची वाट बघत दिवे मिचकावत बसे.

आता माझ्याहून शंभरपट वेगाची यंत्रं आली आहेत. मी माळ्यावर आहे. मला घासूनपुसून ठेवा, असं मी म्हणत नाही. पण मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं माणूस असेल, जे तुमचं काम चालू आहे म्हणून हाक मारत नाही. त्याला काही होतंय का, हे तुमचं यंत्र तुम्हाला सांगू शकणार नाही. तुम्हीच उठा. आत्ताच जा, त्याच्याजवळ बसा आणि श्वास नीट चाललाय ना, बघून या.