छबूबाईच्या डालग्याचे गाऱ्हाणे

मी एक जुने डालगे आहे. कोंबड्यांवर पालथे घालतात ना मित्रांनो, तेच. चाकणच्या एका बुरडाने हिरव्या बांबूच्या कांबी काढून मला विणले. बाजाराच्या दिवशी निघोज्याची छबूबाई मला डोक्यावर मिरवत घरी घेऊन आली. काय तो थाट! तेव्हा पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहत होता आणि बाईचे मालक तिकडे बांधकामावर जात. घरचे सगळे बाईच बघायची.

माझ्याखाली तिच्या कोंबड्या निजत. मांजर पंजे मारून दमले, मुंगूस हात हलवत परतले. "माझं डालगं लई गुणाचं," असे बाई म्हणाली की मला आकाश ठेंगणे व्हायचे. कारखाना सुरू झाला त्या साली लेक कुसुम पहिल्या बाळंतपणाला येणार होती. तिला अंडी खायला मिळावीत म्हणून बाई त्या कोंबड्यांना तळहातावरच्या फोडासारखे जपत होती.

एके सकाळी काळी कोंबडी मान वाकडी करून गोल गोल फिरू लागली. आमच्याकडे रीत अशी, की कोंबडी मरायला टेकली की आधीच सुरी फिरवायची. बाईनेही तेच केले. कालवण झाले. आतडी-बितडी तिने बाकीच्या कोंबड्यांपुढे टाकली.

शेजारच्या म्हाताऱ्या सुभद्राबाई कुंपणावरून ओरडल्या, "अगं छबू, कोंबडीला कोंबडी चारतीस व्हय? वाघबी वाघाला खात न्हाई!"

"त्यास्नी काय कळतंय, आत्याबाई? पोटात गेलं की अंडंच व्हतंय."

मला तोंड असते तर मी बोंब मारली असती.

चटक लागली हो! दुसऱ्याच दिवशी त्या एकमेकींच्या शेपट्या टोचू लागल्या. जिला रक्त आले तिच्यावर बाकीच्या तुटून पडल्या. कालपर्यंत पंखाला पंख लावून निजणाऱ्या त्या! बिचारीला पळायला जागा नव्हती, कारण वर मीच होते. काळीचा रोग तर सगळ्यांच्या पोटात गेलाच होता. एकेकीची मान मुरडू लागली.

गुरांचे डॉक्टर आले. बाई रडकुंडीला आली होती. "सायेब, पिंपरीच्या कारखान्यातली सुई तरी द्या की!"

"बाई, मानमोडीला औषध नाही. काळीला खोल पुरले असते, तर बाकीच्या कदाचित वाचल्या असत्या. आता मेलेल्या पुरा आणि हे डालगे जाळा, रोग त्याच्या कांबींत राहतो."

ऐकून माझ्या कांबी ढिल्या झाल्या. पण खोटे कशाला बोलू, मला ते पटले.

एकही जगली नाही. बाईने सगळ्या कोंबड्या पुरल्या. मला मात्र तिला जाळवेना. "कोंबड्या गेल्या, डालगं तरी ऱ्हाऊ दे," म्हणत तिने मला राखेने घासले आणि उन्हात ठेवले.

आज कुसुम आली. तिच्या पुनावळ्याच्या सासूने पाटीत एक कोंबडी आणि तिची इवली इवली पिल्ले पाठवली आहेत. बाईच्या डोळ्यांत पाणीच आले. "डालगं हाय की आपलं!" म्हणत तिने मला त्यांच्यावर पालथे घातले.

मित्रांनो, जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला टाकू नका. मी म्हणते, मला चुलीत घाला. माझ्यावर माया असेल तर आत्ताच घाला. अरे, कुणीतरी सांगा ना बाईला! माझ्या कांबींच्या सांदीत अजून वाळलेले रक्त आहे, आणि एक पिल्लू ते टोचून बघते आहे.