हसनाबादचा भाचा

बदनापूरच्या ग्राउंडावर सकाळी आठलाच दीड-दोनशे माणूस जमलं होतं, अन् त्यातलं निम्मं पाण्याच्या टाकीजवळ गोरखच्या भोवती उभं होतं. पहिल्या मॅचला अजून दोन तास होते. पण गोरखचा खेळ सुरू झाल्ता.

खेळ म्हणजे नक्कल. हसनाबादच्या टीमचा मॅनेजर धुळाजी, त्याची. गोरखनं शर्टाची वरची दोन बटनं काढली, पोट पुढं ढकललं अन् प्लास्टिकची खुर्ची उचलून धाडकन फेकली.

"अय रेफ्री! डोळे घरी ठिवून आला का रं? अन् ए सोम्या, पाय हायत का बाभळीचे खुंट? भायेर हो! सगळेच भायेर व्हा! मी एकटाच खेळतो!"

माणसं हसून हसून वाकली. मोबाईलच्या दुकानातला प्रितम व्हिडिओ काढून राह्यला होता, त्याच्या हातातला मोबाईलसुद्धा हलायला लागला.

"तीन साल लगातार कप नेला भाऊ यांनी," प्रितम डोळे पुसत म्हणाला. "अन् औंदा बघा, पहिल्याच मॅचला घरी."

"टीम राह्यलीय कुठं त्यांची?" नागसेन म्हणाला. नागसेन बदनापूरचा कॅप्टन. "एक वाळूजला कंपनीत गेला, दोघं भरतीत लागले..."

"कंपनी न् भरती सांगायला झालं," गोरखनं त्याला मधीच तोडलं. "शिव्याला कटाळून गेले. गेल्या साली या माणसानं स्वतःच्या गोलकीपरला पाण्याचा जार फेकून मारला. स्वतःच्या! ते पोरगं तिथून उठलं ते थेट यष्टीतच बसलं. असल्या डोक्यानं कुठं टीम चालत असती का?"

"बोलतंय कोण!" नागसेन हसला. "सरांनी एक शब्द बोलला तं दहावीचं दप्तर खिडकीतून फेकून आला तू."

सगळे परत हसले. गोरखला राग आला, पण त्यानं तो गिळला. आज भांडायचं नव्हतं त्याला. आज खेळायचं होतं. सोमवारपासून तो जालन्याला सळईच्या कारखान्यात जाणार होता. बापानं शब्द टाकून ठिवल्ता. बारा बारा तासाची ड्युटी, मंग कुठला फुटबॉल अन् कुठलं ग्राउंड! हे शनिवार-रविवार, बस. त्याच्यासाठी चार महिने तो रोज अंधारात उठून पळाल्ता. आत्तासुद्धा उभ्या जागी त्याचे पाय थांबत नव्हते. कधी टाकीला टाच मार, कधी दगड उडव.

साडेनऊला हसनाबादची जीप आली. गोरखनं मोजले. नऊ. अकराच्या जागी नऊच पोरं उतरली, अन् शेवटी पुढच्या सीटवरून धुळाजी. उन्हानं रापलेला, डोक्याला पटका, पायात पांढरे बूट. उतरल्या उतरल्या त्यानं ड्रायव्हरला झापलं, जीप उन्हात का लावली म्हणून. टाकीजवळ हशा पिकला.

धुळाजीनं तिकडं पाह्यलंच न्हाई. तो सरळ कमिटीच्या टेबलाजवळ गेला.

"काकासाहेब, आधार कार्ड तपासा."

कमिटीचे अध्यक्ष काकासाहेब म्हणाले, "तुमचेच तपासून राह्यलो, आणा."

"आमचे तपासाच. पण आधी तुमच्या गावचे तपासा! नियम काय फक्त पाहुण्यालाच हाय का?" अन् त्यानं टेबलावर अशी थाप मारली की चहाचा कप आडवा झाला.

नियम तसा जुनाच. एक गाव, एक टीम; आधारवर ज्या गावचा पत्ता, त्याच गावाकडून खेळायचं. पण तो कोणी कडक पाळत नव्हतं. गेल्या साली हसनाबादकडून दोन गडी खेळायला आल्ते. त्यांचे बूट पाहून गोरखनंच वळखलं की हे कॉलेजचे गडी हायत, गावचे न्हाईत. त्यानंच ओरडून ओरडून आधार मागायला लावले, अन् दोघंबी बाद झाले. तवापासून कमिटी कार्ड बघायला लागली. यजमान गावाचे मात्र आजवर कोणी बघितले नव्हते.

काकासाहेबांनी एकेक कार्ड उलटं करून वाचलं. गोरखचं हातात आलं अन् ते थांबले. चष्मा वर केला, परत खाली केला.

"गोरख, हे काय रे? मुक्काम पोस्ट हसनाबाद, तालुका भोकरदन?"

गोरखनं मान पुढं काढून कार्ड पाह्यलं. लहानपणी दोन साल तो आजोळी होता. आई हसनाबादची. तिथंच शाळेत कॅम्प लागल्ता, तिथंच आधार निघालं. पत्ता बदलायचा, बदलायचा म्हणत राहून गेल्तं. आपल्या घरच्या ग्राउंडावर आपलं कार्ड कोण बघतंय, असं त्याला वाटल्तं.

"काका, सगळ्या गावाला माहीत हाय मी इथला हाय!"

"माहीत असून काय? लेकरा, नियम तूच बसवला."

नागसेननं हातापाया पडून पाह्यलं. काकासाहेब ढिम्म. अन् धुळाजी हाताची घडी घालून उभा होता. आता तो हसत नव्हता की चिडत नव्हता.

"हसनाबादचा हाय ना? मंग आमचा हाय," तो म्हणाला. "आमच्या गावची लेक हाय याची माय. भाचा हाय तू आमचा. दहा नंबरची जर्सी हाय माझ्याकडं. येतो का?"

टाकीजवळून प्रितम बोंबलला, "जा गोऱ्या, जा! मामानं बोलीवलं!"

गोरखनं कार्ड हिसकलं अन् फाटकाबाहेर निघाला. स्टेशनच्या रस्त्यानं तो तरातरा चालत सुटला. या माणसाकडून खेळायचं? ज्याची सालभर नक्कल केली त्याच्याकडून? अन् कोणाविरुद्ध, तं नागसेनविरुद्ध! त्यानं रस्त्यातली बाटली लाथाडली. रेल्वेचं फाटक बंद होतं, मालगाडी जाऊन राह्यली होती. एकामागं एक डबे, संपता संपेनात. तेवढ्यात मागून माइकवर बदनापूरच्या टीमची नावं ऐकू आली. त्याच्या अकरा नंबरवर दुसऱ्याच कोणाचं नाव घेतलं. इतकं जल्दी!

मालगाडी गेली, फाटक उघडलं. गोरख पलीकडं गेला न्हाई. तो उलटा पळत आला अन् धुळाजीपुढं हात केला.

"द्या जर्सी."

पहिली मॅच याच दोघांची. गोरखला धरून हसनाबादचे दहा, बदनापूरचे अकरा. त्यानं बॉलला पाय लावला की टाकीजवळून त्याच्याच आवाजात ओरडा यायचा, "पाय हायत का बाभळीचे खुंट!" सकाळी त्यानंच शिकवलेलं. त्याच्या कानशिलात आग पेटली. अन् तिकडून धुळाजी रेषेवर नाचून राह्यला होता. कोणाची माय काढायचा, कोणाचा बाप. पोरं बॉल यायच्या आधी त्याच्याकडं बघायची, अन् तेवढ्यात बॉल निसटायचा. विसाव्या मिनिटाला नागसेननं गोल मारला.

पण गोरखची नजर बारीक. त्याला एक गोष्ट दिसली. धुळाजी ओरडून जे सांगायचा ते बराबर असायचं. डावीकडं जागा हाय म्हणला की खरंच असायची. शिव्याच्या ढिगाऱ्यात ते कोणाला सापडत नव्हतं, एवढंच. अन् दुसरी गोष्ट म्हणजे त्याला स्वतःला आजून एक शिवी पडली नव्हती. दोनदा त्याच्याकडून बॉल गेला. दोन्ही वेळेला धुळाजीनं तोंड उघडलं, मिटलं अन् स्वतःच्याच मांडीवर बुक्की मारली.

मध्यंतराला धुळाजीनं खुर्ची भिरकावली. हुबेहूब गोरखनं सकाळी फेकल्ती तशी. ती सोम्याच्या, म्हणजे सोमेश्वरच्या, पायाजवळ पडली. सोमेश्वरनं खाली बसून बुटाची लेस सोडायला घेतली.

"बास झालं काका. आम्ही न्हाई खेळत."

त्याच्यामागं आणखी तिघं बसले. धुळाजी लालबुंद झाला, "जा, जा! तुम्हीबी जा! सगळेच गेलेत, तुमचं काय!" असं ओरडला अन् पाठ फिरवून उभा राह्यला.

गोरखला दिसलं, मॅच गेली. अन् मॅच म्हणजे त्याचा रविवारबी गेला. तो धुळाजीच्या अंगावरच गेला.

"मला का न्हाई दिली शिवी?"

"काय?"

"दोनदा बॉल घालवला मी. सोम्याला माय-बाप सगळं काढलं. मला काहीच न्हाई. का?"

धुळाजीनं आजूबाजूला पाह्यलं. "येडा हाय का? भाच्याला शिवी देत असतेत का? आमच्यात भाच्याच्या पाया पडतेत. पाप लागतं."

गोरखनं पडलेली खुर्ची उचलून सरळ ठिवली. मंग म्हणाला, "असं करा मामा. आता जे काय बोलायचं ते माझं नाव घेऊन बोला. सोम्याला सांगायचं असंल तरी माझं नाव. गोलकीपरला सांगायचं असंल तरी माझंच नाव. बाकी कोणाचं घ्यायचं न्हाई. कबूल?"

धुळाजी चुळबुळला. सोमेश्वरचे हात लेसवर थांबले.

"कबूल करा की," सोमेश्वर म्हणाला. "मंग बांधतो बूट."

दुसऱ्या हाफमधी टाकीजवळच्या लोकांना काय चाललंय ते कळंना. धुळाजी पह्यल्यासारखाच रेषेवर नाचत होता, पण तोंडातून भलतंच निघत होतं. "भाचेबुवा! त्या राइट बॅकला जरा जागं करा! भाचेबुवा! आपला कीपर लई पुढं आलाय, त्याला मागं जायला सांगा, बाबा!" मधीच शिवी जिभेवर यायची, तो ती गिळायचा अन् ठसका लागल्यासारखा खोकायचा. पोरं हसायला लागली. हसत हसत पळायला लागली. गोरख मधी उभा राहून ऐकायचा अन् पुढं सांगायचा, हातानं, शिट्टीनं. त्याचंच नाव शंभरदा कानावर पडत होतं, अन् नवल म्हणजे त्याला राग येत नव्हता.

"डावीकडं भाचेबुवा, डावीकडं!" डावीकडं खरंच रान मोकळं होतं. गोरखनं बॉल तिकडं काढला, सोमेश्वर पळाला अन् त्यानं तो जाळीत घातला. एक-एक.

मंग शेवटची तीन मिनिटं राह्यली असताना नागसेननं गोरखला गोलापुढच्या चौकटीत पाडलं. पेनल्टी. नागसेननं त्याला हात देऊन उठवलं, पण डोळ्याला डोळा दिला न्हाई.

गोरखनं बॉल ठेवला. समोर गोलात आदिनाथ. चार महिने रोज सकाळी त्याच्याच हातावर गोरखनं किका मारल्या होत्या. गोरख कोणत्या कोपऱ्यात मारतो ते त्याला पाठ होतं. गोरखनं रेषेकडं पाह्यलं. धुळाजी पहिल्यांदाच गप्प होता. दोन्ही हात पटक्यावर.

"मामा, बोला की काहीतरी!"

धुळाजीनं पटका आणखीच घट्ट धरला.

गोरख धावला, नेहमीच्याच कोपऱ्यात मारला, अन् आदिनाथनं झेप घेऊन दोन्ही हातांनी उडवला. टाकीजवळ एकच कल्ला उठला. गोरख जागच्या जागी उभा. सोमवार आजच आला, एवढंच त्याच्या डोक्यात आलं.

अन् तेवढ्यात रेषेवरून अशी शिवी आली की माइकवाल्यानंसुद्धा माइक खाली घेतला. गोरखची माय, बाप, आजा, त्यांच्या म्हशी, काही ठिवलं न्हाई. अन् शेवटी, "बॉल जिता हाय ना रं! पळ!"

बॉल खरंच जिता होता. आदिनाथच्या हाताला लागून तो चार हातावर घरंगळत होता. गोरखचे पाय त्याच्याआधी पळाले. आदिनाथ उठला, पण गोरखनं नडगीनंच बॉल आत लोटला अन् जाळीतच जाऊन पडला.

शेवटची शिट्टी वाजली तवा हसनाबादची पोरं त्याच्या अंगावर होती. त्यांना सारून धुळाजी आला. तोंड उतरलेलं. टाकीजवळचे सगळे बघत होते, प्रितमचा मोबाईल वरच होता. धुळाजीनं पटका काढला, वाकला, अन् गोरखच्या मातीनं भरलेल्या बुटाला हात लावून कपाळाला लावला.

"चुकलं भाचेबुवा. तोंडातून गेलं."

"अवो मामा, उठा! लोक बघायलेत!" गोरखनं त्याला खांद्याला धरून उभं केलं. त्याला हसू आवरंना, मंग त्यानं घाईघाईनं विचारलं, "उद्या जीप इथं किती वाजता येणार?"

"नवाला," धुळाजी म्हणाला. मंग त्याचा आवाज परत चढला. "अन् पेनल्टी मारून उभा काय राह्यला होता रे, मूर्ती हाय का देवळातली? आँ?" अन् लगेच जीभ चावून तो परत खाली वाकायला लागला.

"ऱ्हाऊ द्या मामा," गोरख म्हणाला. "दिवसभर वाकतच बसाल."