फेराच्या मधोमध

शेवंतीच्या पाळणाघरात मोबाइलला मज्जाव होता. घाटकोपरच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा पोरं सांभाळायची, आणि बाई म्हणजे कोकणातला कातळ! एकदा ठरवलं की ठरवलं.

पण नवीनच आलेला सम्यक पडला तीन वर्षांचा, कार्टून लागल्याशिवाय तोंड उघडायचा नाही. तीन दिवस त्याचा डबा भरलेला परत गेला. चौथ्या सकाळी त्याच्या आईनं, नीलमनं, सरळ सांगितलं, "ताई, पोरगं वाळत चाललंय. आज नाही जेवला तर उद्यापासून दुसरीकडे ठेवते. तिथे मोबाइल देतात."

"आज जेवेल," शेवंती म्हणाली. बोलून तर बसली. पोराची उपासमार तिला काय दिसत नव्हती?

तिच्याकडे उपाय एकच, कोकणातला जाखडी नाच. तिचे वडील दत्ताराम गणपतीत गावी जाऊन नाचायचे, पायात घुंगरू बांधून, गोल फेर धरून. रोज अकराला ती पोरांना तसाच फेर धरायला लावायची. नाचून दमली की पोरं डब्यांवर तुटून पडायची. सम्यक मात्र मधोमध फतकल मारून बसायचा. तीन दिवस ती त्याला दंडाला धरून उठवत होती आणि तीन दिवस तो भोकाड पसरत होता.

आजही तो बसला. ती त्याला उठवायला वाकली आणि थबकली. अगं बया! जाखडीत मधे बसतो तो कोण? ढोलकीवाला! त्याला कधी कुणी उठवलंय का?

तिनं पिठाचा रिकामा डबा त्याच्यापुढे पालथा घातला. "वाजव रे बाबा. तू वाजवलंस तरच आम्ही नाचणार."

सम्यकनं एक थाप मारली. पाच पोरांनी एक पाय टाकला. त्यानं हात थांबवला, तशी पोरं जागच्या जागी थांबली. शेवंतीसुद्धा, एक पाय वर धरून. सम्यक खुदकन हसला. मग काय, धडाधड! अर्धा तास त्यानं सगळ्यांचा घाम काढला, स्वतःचाही. नंतर आपला डबा संपवून तो शेजारी बसलेल्या पोरीच्या चपातीकडे बघायला लागला. शेवंतीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

संध्याकाळी नीलमनं आधी डबा उघडून बघितला. रिकामा! तिचा विश्वासच बसेना. खूश होऊन, सवयीनं, तिनं मोबाइल लेकाच्या हातात दिला.

सम्यकनं तो उंबऱ्यावर पालथा घातला आणि दोन्ही हातांनी थापा मारायला लागला.

"अरे, फुटेल ना!"

त्यानं हात थांबवून वर पाहिलं. "आई, तू नाच ना."

नीलम शेवंतीकडे बघायला लागली. शेवंतीनं पदर खोचला.

"माझ्याकडे काय बघतेस? पोरगं वाजवतंय ना? टाक पाय!"