चुन्याचा क्रूस

सासूच्या घरातून बाहेर पडायला मला सात वर्षं लागली, आणि स्वतःच्या बिऱ्हाडाची माती करायला एक दुपार पुरली.

जागा मिळाली तीच मुळी माणूस मेल्यामुळे. वुल्फ्रानो शिंपी तोमासाबाईंच्या माडीवर वीस वर्षं भाड्यानं राहत होते. ते गेले आणि तिसऱ्याच दिवशी तोमासाबाईंनी मला किल्ली दिली. अट एकच.

"मधल्या खोलीला हात लावायचा नाही, कुका. नऊ दिवस पुरे होऊ देत. त्यांची लेक ओब्दुलिया पार उत्तर सरहद्दीवरच्या तिहुआनाहून यायचीय. क्रूस तीच उचलणार."

मधल्या खोलीत दफनाआधी त्यांना ठेवलं होतं, त्या जागी फरशीवर चुन्याचा क्रूस होता. आमच्या त्लाकोलुला गावात कुणीही गेलं की असा काढतात. गेलेल्याची सावली त्यात उतरते. नवव्या दिवशी तो उचलून थडग्याच्या मातीत नेला, की मगच ती सुटते. हे मला कुणी शिकवायला नको होतं. म्हणूनच तर स्वतःचा राग येतो.

रोज संध्याकाळी सहाला बायका तिथे माळ जपायला यायच्या. बाकी दिवसभर मी घर लावत होते. पडदे शिवले, गच्चीच्या कठड्यावर जिरेनियमच्या कुंड्या मांडल्या, बाहेरची खोली पिवळीधम्मक रंगवली. कुठलं भांडं कुठे ठेवायचं हे मला कुणी सांगत नव्हतं, आणि त्या आनंदात मी वेडी झाले होते. रविवारी नवरा पलंग आणणार होता, त्याच्या मागोमाग सासू नाक मुरडायला येणार होती. आठव्या दुपारी रंगाचा डबा उरला. म्हटलं, एक भिंत तर रंगवायचीय, जमिनीला कोण हात लावतंय! खुर्चीवर चढले, चार हात मारले, आणि डबा लवंडला.

अर्धा क्रूस पिवळा झाला. बोटानं रंग निपटायला गेले तर चुन्याचा नुसता चिखल.

तेव्हाच खाली जाऊन सांगायला हवं होतं. तोमासाबाईंनी शिव्यांची लाखोली वाहिली असती, कदाचित किल्ली परत मागितली असती. पुन्हा सासूचं घर! त्या विचारानं पाय जिन्याकडे वळेचनात. मी बादली आणली, फडकं आणलं, आणि त्या म्हाताऱ्याची सावली पुसून मोरीत ओतली. देवा रे, वर साबणही लावला.

केस वाळवायच्या यंत्रानं फरशी कोरडी केली. मका भिजवायचा चुना स्वयंपाकघरात होताच, त्याचा नवा क्रूस काढला. भिंतीवरचा पिवळा पट्टा झाकायला पांढरी चादर टांगून तिला झेंडूची फुलं टाचली.

सहाला बायका आल्या.

"वास कसला गं?" तोमासाबाईंनी विचारलं.

"बाहेरच्या खोलीचा रंग, अजून सुकायचाय."

"आणि ही चादर? बघा गं बायांनो! रक्ताची ना नात्याची, पण पोरीनं किती जीव लावलाय!"

मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, लाजले.

दुसऱ्या दिवशी ओब्दुलिया आली. तीन दिवस बसमध्ये अवघडून पाय सुजलेले, हातात एक पिशवी. दफनाला पोचली नव्हती. दारातच तिनं चपला काढल्या, क्रूसापाशी गुडघे टेकले आणि दोन्ही तळहात चुन्यावर ठेवले.

"बाबा, उशीर झाला हो मला," ती म्हणाली. "रागावलात?"

सगळ्या बाया रडल्या. मीही रडले, आणि माझंच रडणं सगळ्यांत मोठं होतं.

प्रार्थना झाल्यावर क्रूस उचलायची वेळ आली. ओब्दुलियासोबत कुणी बसायचं, असं विचारणं झालं. "कुकाच बसेल," तोमासाबाई म्हणाल्या. "इतके दिवस तिनंच राखलाय."

"नको, मी नको," मी म्हटलं.

"चल गं, मानाला नाही म्हणू नये!"

ओब्दुलियानं फुलांच्या जुडीनं चुना लोटला, मी ताट धरलं. ताट कलंडायला लागलं, तेव्हा तिनंच ते सावरलं. सकाळी आम्ही तो थडग्यात पुरला. त्यातला चिमूटभर तिनं रुमालात बांधून छातीशी खोचला.

बसस्टँडवर मी ठरवूनच गेले होते. सांगायचं. मारलं तर मार खायचा.

"ओब्दुलिया, मला तुला एक..."

"ताई, आधी माझं ऐक. बाबांचं शेवटचं तोंड नाही पाहिलं मी. सबंध वाटेत तेच खात होतं. पण हात तरी लागला त्यांना. लागला ना गं?"

बसचं इंजिन सुरू झालं होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"लागला," मी म्हटलं.

तिनं माझे दोन्ही हात धरले आणि त्यांचे मुके घेतले. मी ते सोडवूनही घेतले नाहीत.