पायासाठी भरती

त्याचं टीव्ही आणि डिश दुरुस्तीचं दुकान होतं आणि कुठलीही अफवा सगळ्यांच्या आधी त्याच्याकडे पोचायची, म्हणून अख्खी गल्ली त्याला अँटेना म्हणायची. साथ आली, दुकान बंद झालं आणि अँटेनाचं तोंड उघडलं. रोज फोनवर व्हिडिओ. म्हणणं एकच: चाचणी हे थोतांड आहे, नळाच्या तोटीवर काडी फिरवली तरी ती बाधित निघेल, आणि हॉस्पिटलवाले ठेच लागून आलेल्या माणसालाही साथीच्या आकड्यात कोंबतात.

पंचाईत एवढीच होती की त्याची थोरली बहीण त्याच हॉस्पिटलात नर्स होती. तिथे सगळे तिला सिस्टर म्हणायचे. सख्खा भाऊ तिला ताई म्हणायचा खरा, पण तिच्या शब्दावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता.

"ताई, खरं सांग, आत खरोखरचे आजारी किती?" ती ड्यूटीवरून येऊन जिन्याशी चपला काढत होती, तेव्हा त्याने विचारलं.

"आत आहेत ते सगळे. बाहेर तू एकटा," ताई म्हणाली आणि वर आपल्या खोलीत निघून गेली.

ते अँटेनाला झोंबलं. दुसऱ्या दिवशी तो फोन घेऊन थेट हॉस्पिटलच्या दर्शनी दालनात शिरला. खुर्च्या एकमेकींवर रचलेल्या, चौकशीच्या खिडकीला पडदा, माणूस औषधालाही नाही. "बघा मित्रांनो," तो कुजबुजला, "म्हणे बेड मिळत नाहीत! इथे तर चिटपाखरू नाही." पुढचं दार साथीमुळे बंद ठेवलंय आणि रुग्ण मागच्या बाजूने आत नेतात, असं भिंतीवरच्या पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. त्याने नेमका त्याच पाटीला टेकून व्हिडिओ काढला होता.

व्हिडिओ वणव्यासारखा पसरला. लोक हॉस्पिटलला फोन करून शिव्या घालू लागले. टेलिफोनवरच्या मुलीने रडून नोकरी सोडायची भाषा केली. ताईने जिन्यावरूनच भावाचा उद्धार केला. "अरे, मागच्या बाजूला जाऊन बघ की! तिथे पाय ठेवायला जागा नाही!"

"बघतोच," अँटेना म्हणाला.

आत कोणी सोडेना, म्हणून तो भरदुपारी मागच्या जनरेटरच्या पेटीवर चढला. फोन चालूच होता आणि हजारभर लोक बघत होते. खिडकीची काच धुळकट होती, तरी आतलं दिसलं. खाटांना खाटा लागलेल्या होत्या. पालथी झोपलेली माणसं, नळ्या, आणि नखशिखान्त प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या तिघीजणी मिळून एका दांडग्या माणसाला कुशीवर वळवत होत्या. त्यातल्या एकीने वर पाहिलं. चेहरा झाकलेला होता, पण ते डोळे अँटेना लहानपणापासून ओळखत होता. तिने काचेवर थाडकन हात मारला. अँटेना दचकला, मागे सरकला, आणि मागे पेटी नव्हती.

त्याच्या आजवरच्या सगळ्या व्हिडिओंत हा सर्वांत जास्त पाहिला गेला.

घोटा मोडला होता. भरती करताना नियमाप्रमाणे नाकात काडी घातली आणि अँटेना बाधित निघाला.

"पाय मोडलाय माझा, नाक नाही!" तो ओरडला. पण बाधित माणसाला हाडांच्या वॉर्डात कोण घेणार? प्लास्टर करून त्याला साथीच्या वॉर्डातच ठेवलं. संध्याकाळच्या बातम्यांत नव्या रुग्णांचा आकडा आला आणि अँटेनाने डॉक्टरांना गाठलं.

"त्या आकड्यात मी आहे का?"

डॉक्टर दमलेले होते. खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. "आहात."

"मी साथीने आलोय का?"

"नाही, पायाने आलायत. पण बाधित आणि भरती, म्हणजे मोजणीत. दोन आकडे वेगळे द्या असं आम्ही वर कळवलंय. वरचे ऐकत नाहीत."

"म्हणजे माझं बरोबर होतं!"

"तुमच्यापुरतं," डॉक्टर म्हणाले. "बाकीच्यांना विचारून बघा. ज्यांना बोलता येतंय त्यांना."

अँटेनाने लगेच व्हिडिओ केला. मी पायासाठी आलो आणि मला साथीत मोजलं, हे एकदम खरं. पण पुढे अनवधानाने तोंडातून निघून गेलं की इथे जागा नाही आणि माणसं फार आजारी आहेत. झालं. त्याचाच पट्टशिष्य, गल्लीतला कुलूपवाला, फोनवर आला.

"अँटेना, खरं सांग. तुला फोडलं ना त्यांनी?"

"फोडलं नाही रे, मोडलंय!"

"प्लास्टर खोटं दिसतंय. आणि मागचे पेशंट नट आहेत, कळतं आम्हाला."

शेजारच्या खाटेवरचा बसड्रायव्हर हे ऐकून इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली. "मी नट? मग मला एखादं गाणं तरी द्या," म्हणाला. मोठा गमत्या माणूस. दोन दिवस दोघांनी मिळून कुलूपवाल्याची टर उडवली. मग ड्रायव्हरला धाप लागायला लागली आणि त्याला आतल्या खोलीत हलवलं. अँटेना रोज ताईला विचारायचा. एका सकाळी त्याने विचारलं, तेव्हा ताईने ड्रायव्हरच्या मागे राहिलेल्या चपला त्याच्या घरच्यांना द्यायला पिशवीत भरल्या. अँटेनाने फोन उशीखाली ठेवला. त्या दिवशी त्याने व्हिडिओ केला नाही. जेवणही केलं नाही.

घरी आल्यावर मात्र तो कुबड्यांवर आरोग्य कार्यालयात जाऊन बसू लागला. दोन आकडे वेगळे करा, हा एकच धोशा. त्याला टाळायला साहेब मागच्या जिन्याने उतरायचे. शेवटी डॉक्टरांनी पुन्हा लावून धरलं म्हणून म्हणा, किंवा अँटेनाच्या तोंडाला कंटाळून म्हणा, साथीने आलेले आणि दुसऱ्याच कारणाने येऊन बाधित निघालेले असे वेगळे आकडे येऊ लागले. दुसरा आकडा लहान होता. पहिला फार मोठा होता, आणि आता तो खोटा म्हणायची सोय उरली नव्हती.

कुलूपवाल्याला मात्र ती सोय अजून होती. त्याने स्वतःचे व्हिडिओ सुरू केले होते. खरा अँटेना हॉस्पिटलातच आहे आणि बाहेर फिरतोय तो तोतया, इथपर्यंत त्याची मजल गेली होती. मग एका सकाळी तोच धावत अँटेनाच्या दारात आला. "आईला श्वास घेता येईना. ताईंना सांग ना."

अँटेनाच्या जिभेवर निदान दहा टोमणे आले. त्याने ते गिळले आणि ताईला फोन लावला.

म्हातारी तीन आठवड्यांनी घरी आली. काटकुळी, पण ठणठणीत. कुलूपवाल्याने त्याच दिवशी व्हिडिओ टाकला: आईला साधं पित्त झालं होतं. अँटेना कुबड्या आपटत त्याच्या घरी भांडायला गेला, तर म्हातारी दारातच खुर्ची टाकून बसलेली.

"आत जाऊ नकोस," ती म्हणाली. "मी आत्ताच त्याच्या मुस्काटात मारलीये. आता त्याला काय झालंय ते तोच सांगेल. पित्त असेल."